ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य
महाराष्ट्र राज्यातील पाणपक्ष्यांचे एक सागरी संरक्षित क्षेत्र. ते ठाणे खाडीच्या पश्चिम भागात ऐरोली व वाशी येथील पुलांदरम्यान पसरले असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६.९ चौ. किमी. आहे. यातील निम्म्याहून अधिक भाग कच्छ वनश्रीने (खारफुटीने) व्यापलेला आहे. ६ ऑगस्ट २०१५ रोजी ते घोषित करण्यात आले. मालवणनंतरचे (१९८७) हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. २०२२ मध्ये अभयारण्य व त्याभोवतालचा प्रदेश मिळून ६५.२१ चौ. किमी. क्षेत्राचा समावेश रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत झाला.

कल्याण-डोंबिवलीवरून येणारी उल्हास नदी ठाण्याजवळून पश्चिमेस वळून वसईच्या खाडीस मिळते. ठाणे खाडी तिच्याशी केवळ एका अरुंद फाट्याने जोडलेली आहे. त्यामुळे खाडीत नदीच्या प्रवाहापेक्षा भरती-ओहोटीचे प्राबल्य अधिक असून गाळ साचून विस्तीर्ण चिखलपाटे तयार झाले आहेत. सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे त्यांवर सूक्ष्म शैवले विपुल वाढतात. तिवर ही येथील प्रमुख खारफुटी वनस्पती होय.

येथे रोहित पक्ष्याच्या (फ्लेमिंगोच्या) दोन्ही भारतीय जाती आढळतात. लहान रोहित सुमारे ८०–९० सेंमी. उंच असून त्याची चोच गडद तांबडी असते. त्याचे मुख्य अन्न नील-हरित व इतर सूक्ष्म शैवले होत. मोठा रोहित त्याहून बराच उंच, फिकट रंगाचा असून त्याच्या गुलाबी चोचीचे टोक काळे असते. तो प्रामुख्याने लहान अपृष्ठवंशी प्राणी खातो. दोघेही चोच उलटी पाण्यात बुडवून तिच्या कडांवरील पटलिकांनी अन्न गाळून घेतात. साधारणपणे नोव्हेंबरपासून पावसाळ्यापूर्वीपर्यंत त्यांचे येथे वास्तव्य असते. काही हंगामांत त्यांची संख्या एक लाखाहून अधिक असल्याचा अंदाज आहे. यांखेरीज शेकाट्या, उचाट्या, चिखल्या, तुतवार, कुरव, सुरय, बगळे इ. पक्षी दिसतात.

पक्षिनिरीक्षणाची वेळ घड्याळापेक्षा भरतीच्या कोष्टकावरून ठरवावी लागते. पूर्ण भरतीत चिखलपाटे बुडून पक्षी अन्यत्र जातात, तर पूर्ण ओहोटीत ते काठापासून फार दूर पसरतात व उथळ पाण्यात नाव चालत नाही. म्हणून या दोहोंमधील काळ सोयीचा ठरतो. ऐरोली येथे वन विभागाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र असून तेथून नावेने पक्षी पाहण्याची सोय आहे. नाव थव्याच्या फार जवळ नेल्यास पक्षी उडतात व त्यांचा चरण्याचा मर्यादित वेळ वाया जातो.

मानवी उद्योगाने बदललेली भूमी पक्ष्यांचे आश्रयस्थान होऊ शकते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळचे ॲटनबरो राखीव क्षेत्र (१९६६) खडी काढलेल्या खाणींच्या तळ्यांवर वसले आहे. ठाणे खाडीचे उदाहरण मात्र अधिक नाजूक आहे. ज्या सांडपाण्याने शैवलांची वाढ होते, त्याच पाण्याबरोबर औद्योगिक अपद्रव्येही गाळात साचतात. शिवाय भरतीच्या वेळी पक्षी ज्या तळ्यांचा आश्रय घेतात, त्यांतील अनेक अभयारण्याच्या सीमेबाहेर, नवी मुंबईच्या बाजूस आहेत. तेथे भरतीचे पाणी येण्याचा मार्ग अडला की तळे कोरडे पडते व थव्यांना नागरी वस्तीवरून दूरवर उडावे लागते. २० मे २०२४ रोजी घाटकोपर परिसरात विमानाशी टक्कर होऊन तीसहून अधिक रोहित मृत्युमुखी पडले. ओहोटीतील चरण्याची जागा व भरतीतील विसाव्याची जागा ही एकाच अधिवासाची दोन अंगे होत. त्यांपैकी केवळ एकास संरक्षण देऊन हेतू साध्य होणार नाही.