ताशी ५६५ किलोमीटरला लागलेला ब्रेक

एप्रिल २०२३ मध्ये जपानमधल्या सोका इथे बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीने स्मॅश मारला आणि रॅकेटवरून सुटलेल्या फुलाचा वेग भरला ताशी ५६५ किलोमीटर! गिनीजने त्याची विश्वविक्रम म्हणून नोंद केली. आता तेच फूल उंच गच्चीवरून नुसतं सोडून द्या. ते ताशी पंचवीसच्या आसपास रेंगाळेल. इमारत दहा मजली असो की शंभर, फरक पडणार नाही.

ही करामत सोळा पिसांची. जेमतेम पाच ग्रॅमच्या त्या घेरदार झग्यात हवा अडते. फटका बसताच फूल गर्रकन उलटतं, जड बूच पुढे येतं, पिसं मागे राहतात आणि तिथूनच ब्रेक लागायला सुरुवात होते. म्हणून या खेळात जोरदार आणि नाजूक फटका एकाच हाताच्या हालचालीतून निघू शकतो. स्मॅश येणार म्हणून मागे सरकलात, की फूल जाळीला लगटून तुमच्या बाजूला टपकलंच समजा.

मग चांगला खेळाडू वेळेवर पोचतो कसा? १९८०च्या दशकात संशोधक ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि त्यांच्या सहकाऱ्याने खेळाच्या फिती फटक्याच्या आधीच थांबवून पाहणाऱ्यांना विचारलं, फूल कुठे पडेल? नवखे फक्त रॅकेटवरून अंदाज बांधत होते. मुरलेले खेळाडू त्याआधीच, समोरच्याच्या दंडावरून आणि हातावरून ओळखत होते. खेळाडूची सगळी कारकीर्द एका अर्थाने हे वाचन शिकण्यात आणि स्वतःचं वाचन दुसऱ्याला करू न देण्यात जाते.

प्रकाश पदुकोण त्यात तयार होते. बंगळूरच्या एका मंगल कार्यालयात खेळ शिकलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी राष्ट्रीय विजेता झाला आणि ते अजिंक्यपद त्याने सलग नऊ वर्षं सोडलं नाही. १९८०च्या ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम फेरीत समोर होता इंडोनेशियाचा लिएम स्वी किंग, लागोपाठ दोन वर्षांचा विजेता. उडी मारून स्मॅश मारावा तो त्यानेच. पदुकोणांनी ताकदीला ताकदीने उत्तर दिलं नाही. त्यांनी गती काढून घेतली आणि किंगला मनासारखं फूलच मिळू दिलं नाही. निकाल १५-३, १५-१०. ऑल इंग्लंड जिंकणारा पहिला भारतीय, स्मॅशवर नव्हे, ब्रेकवर जिंकला.