राउटरच्या बिटांसाठी एक कपाट

राउटरच्या बिटाची धार टंगस्टन कार्बाइडची असते. पोलादापेक्षा कितीतरी कठीण, आणि तितकीच ठिसूळ. सागाच्या फळीत तासन्‌तास फिरूनही टिकणारी ही धार शेजारच्या बिटावर एकदा आपटली की तिचा टवका उडतो. तो डोळ्यांना सहसा दिसत नाही. दिसते ती नंतर काढलेल्या गोलाईवरची बारीक रेघ, आणि तीही पॉलिश चढल्यावर, म्हणजे दुरुस्तीची वेळ निघून गेल्यावर. तरीही अनेक शेडमध्ये ही बिटे पत्र्याच्या डब्यात एकमेकांवर खुळखुळत पडलेली असतात.

कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये एक मेस्त्री असाच डबा रिकामा करून कपाटाची आखणी करतात. मापे कपाटापासून नव्हे, बिटांपासून सुरू होतात. आधी टेबलावर सगळी बिटे प्रकाराप्रमाणे मांडली जातात: सरळ, गोलाईची, चँफर, डोव्हटेल, बेअरिंगवाली. मग ती मांडणी मोडून दांडीच्या जाडीप्रमाणे पुन्हा मांडायची. हाताखालचा पोरगा दोन ढीग जवळ सरकवतो तेव्हा मेस्त्री त्याला थांबवतात, “रे झिला, सहा एमेमचो नि दोन सुताचो एकत्र ठेवू नको!”

या बजावण्यामागे मोठे कारण आहे. दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे 6.35 मिलिमीटर. आपल्या बाजारात 6 मिमी दांडीची बिटेही मिळतात आणि पाव इंचाचीही. फरक 0.35 मिमीचा, नजरेला तो कळत नाही. पण राउटरमध्ये दांडी पकडणाऱ्या पाव इंचाच्या कोलेटमध्ये सहाची दांडी नीट आवळली जात नाही, आणि मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांवर ते बिट सुटून बाहेर येऊ शकते. 12 मिमी आणि अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिमी, या जोडीचेही तेच. बिटे उभी ठेवायची कपाटातली भोके ही चूक अडवू शकत नाहीत, कारण बारीक दांडी मोठ्या भोकात आरामात बसते. म्हणून मेस्त्री दोघांचे ड्रॉवर वेगळे करतात आणि सहाच्या प्रत्येक दांडीच्या बुडाला लाल रंगाचा ठिपका देतात. बिट उपसले की कोलेटमध्ये घालण्याआधी तो समोर येतो. कपाटाच्या सगळ्या आखणीत सर्वांत मोलाचे काम हा ठिपका करतो.

भोकांचे गणित त्यानंतर. भोक दांडीपेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर मोठे हवे. कोकणातल्या पावसाळ्यात भरीव लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जास्त फुगते, भोक गोल राहत नाही आणि दांडी अडकते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्याने हा त्रास बराच कमी. मेस्त्री 12 मिमीचे दोन प्लाय चिकटवून 24 मिमीची पाटी करतात आणि भोके आरपार पाडतात. तळ बंद असलेल्या भोकात भुसा साचतो, मग बिट वर-वर बसते आणि ड्रॉवर ढकलताना वरच्या फळीला घासते.

दोन भोकांतले अंतर काढायचे ते बिटांच्या पात्यांवरून. शेजारी 38 मिमी आणि 12 मिमी व्यासाची बिटे असतील तर दोघांची निम्मी मापे मिळून 25 मिमी, त्यात बोटे घालायला 20 मिमी. मध्यापासून मध्यापर्यंत 45. ही बोटांची जागा वाचवली तर रोज धारेवर हात कापून घ्यावा लागतो. उंचीही तशीच निघते: 70 मिमी लांबीचे बिट पाटीच्या वर 46 मिमी राहते, 24 ची पाटी, 6 चा तळ आणि थोडी मोकळीक धरली की आतून 90 मिमीचा ड्रॉवर पुरतो. टेलिस्कोपिक चॅनेल प्रत्येक बाजूला अर्धा इंच खाते, त्यामुळे ड्रॉवर कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा साधारण 26 मिमी कमी. चॅनेल पूर्ण बाहेर येणारेच घ्यावे, नाहीतर मागच्या रांगेतली बिटे नुसतीच जपून ठेवलेली राहतात.

अवजारांच्या जागेचा विषय निघाला की जगभरचे सुतार हेन्री स्टडली (1838–1925) या अमेरिकन पियानो-कारागिराच्या पेटीचे नाव घेतात. भिंतीवर टांगायची ही पेटी मिटल्यावर जेमतेम 20 बाय 40 इंचांची, आणि तिच्यात सुमारे 300 अवजारे, प्रत्येकाला त्याच्याच आकाराची जागा. ती पाहून मन भरून येते. पण राउटरच्या बिटांना तो मार्ग चालत नाही, कारण बिटांचा संग्रह कामागणिक वाढतो. कुडाळच्या कपाटात म्हणूनच पाट्या चिकटवलेल्या नाहीत. ड्रॉवरमध्ये नुसत्या ठेवल्या आहेत. नवी बिटे आली की नवी पाटी करायची, जुनी उचलून बाहेर.

मोठ्या बिटांचा ड्रॉवर सर्वांत खाली. दरवाजाच्या पॅनेलला उतार देणारे बिट 85 मिमी व्यासाचे असले तर 20,000 फेऱ्यांवर त्याची कड ताशी सुमारे 320 किलोमीटर वेगाने फिरते. अशा बिटाला 10 ते 12 हजारांवर आणावेच लागते, आणि तो आकडा मेस्त्री ड्रॉवरच्या दर्शनी पट्टीवर ठळक रंगवतात, लहान नोंदवहीत नाही.

उरले कोलेट, पाने, गाइड बुश आणि सुटी बेअरिंगे. त्यांना उथळ ड्रॉवर, आणि तो सर्वांत वर, कारण दिवसभरात हात तिकडेच जास्त जातो. त्यातच तेलाची बाटली आणि फडके. बिट जागेवर जाण्याआधी पात्यावरची राळ पुसली जाते, दांडीला तेलाचा हात लागतो. बेअरिंग मात्र सॉल्व्हंटमध्ये बुडवायचे नाही, आतले ग्रीस धुऊन निघते. कपाट राउटर टेबलाच्या डाव्या बाजूला येते, भुसा उडतो त्या दिशेपासून दूर.