दुर्बिणीने गाठ निघाली, मग ऑपरेशन कशाला?

मोठ्या आतड्यातली गाठ दुर्बिणीतून काढली, पेशंट घरी गेला आणि काही दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट आला की गाठीत कॅन्सर होता, नुकताच सुरू झालेला. गाठ तर निघाली. तरी डॉक्टर म्हणतात, आतड्याचा तो भाग कापून काढावा लागेल. घरच्यांना हे पटत नाही, आणि त्यांची शंका रास्त आहे. अडचण अशी की कॅन्सरच्या पेशी अस्तराखालच्या थरात उतरल्या असतील, तर तिथून त्या शेजारच्या लसिकाग्रंथींत गेलेल्या असू शकतात. दुर्बीण तिथवर पोचत नाही आणि ग्रंथीतल्या मोजक्या पेशी सीटी स्कॅनलाही दिसत नाहीत. खात्री करायची तर ग्रंथींसकट आतड्याचा तुकडा काढूनच बघावे लागते. पण अशा शंभर पेशंटांत साधारण दहा जणांच्याच ग्रंथींत कॅन्सर सापडतो. सरसकट कापत सुटले, तर उरलेल्या नव्वदांच्या पदरी नुसतेच ऑपरेशन.

ते दहा कोण, याचा अंदाज रिपोर्टच देतो. पेशींची ठेवण फार बिघडलेली आहे का, त्या लसिकावाहिनीत किंवा रक्तवाहिनीत शिरल्या आहेत का, गाठीच्या पुढच्या कडेला त्यांचे छोटे पुंजके सुटे झालेत का, कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर आहे का, आणि तो किती खोल गेला आहे, हे पाच प्रश्न महत्त्वाचे. खोलीची रेघ एक मिलिमीटरवर आखलेली आहे, आणि घोळ तिथेच होतो. बाकी चारही गोष्टी ठीक असून फक्त खोली जास्त असेल, तर ग्रंथींतला धोका शंभरात दोन-तीनच्या आसपास राहतो. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये जीव जाण्याचा धोकाही शंभरात एक-दोन असतो आणि वयाबरोबर तो वाढतो. अशा वेळी रिपोर्टवरचा ‘हाय रिस्क’ हा शब्द वाचून घाबरण्यापेक्षा त्यातले नेमके कोणते लक्षण सापडले, हे विचारावे. गाठ तुकड्यातुकड्याने काढली असेल, तर कड कुठली आणि मधला भाग कुठला हेच कळत नाही. अखंड काढून, पाटीवर टाचण्यांनी ताणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेली गाठ मात्र नीट वाचता येते. म्हणून दुसऱ्या शहरात सल्ल्याला जाताना नुसता कागद पुरत नाही. गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाईडही मागून न्याव्यात.

धोका कमी असेल, तर ऑपरेशनऐवजी नियमित तपासण्यांवर भागवता येते. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यात यावर एक आक्षेप हमखास येतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचा माणूस या तपासण्यांसाठी पाच वर्षे सुरत-नाशिकच्या खेपा कुठून घालणार? त्यापेक्षा ऑपरेशन उरकून टाका, सरकारी योजनेत मोफत होते. आक्षेप खोटा नाही, पण अंतर ऑपरेशनलाही आडवे येते. आतड्याचा जोड सुटला तर तो सहसा पहिल्या काही दिवसांत सुटतो, आणि तेव्हा तासाभरात दवाखाना गाठता यायला हवा. गाठ गुदाशयात असेल, तर पोटावर पिशवी बसण्याची किंवा दिवसातून अनेकदा शौचाला पळावे लागण्याची शक्यता असते. त्यातून इथल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल बराच आढळतो. अशा पेशंटला भूल देताना ऑक्सिजन, पाणी, थंडी सगळे सांभाळावे लागते. बुडालेली मजुरी तर मोफत ऑपरेशनच्या योजनेत बसत नाही.

याचा अर्थ गरिबाला ऑपरेशन नकोच, असा मुळीच नाही. पेशी रक्तवाहिनीत शिरलेल्या असतील किंवा कडेला कॅन्सर असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तर ऑपरेशन टाळणे हा जुगार आहे. मागे राहिलेला कॅन्सर पुन्हा उगवला, तर बरेचदा हाताबाहेर गेलेला असतो. गुदाशयात हा धोका जास्त, आणि तिथेच ऑपरेशनचा त्रासही जास्त. तो निर्णय खरोखर अवघड, एका डॉक्टरने एकट्याने घेऊ नये. पण धोका कमी असेल, तर अंतर बघून कापण्यापेक्षा तपासण्याच पेशंटच्या वर्षात बसवाव्यात. दर सहा महिन्यांनी कॅन्सरची खूण शोधणारी रक्ताची सीईए तपासणी, ठरल्या वेळी सीटी आणि कोलोनोस्कोपी, एवढाच तो कार्यक्रम. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेला माणूस जानेवारीच्या तारखेला येणार नाही. होळीला मात्र सातपुड्यातला माणूस गावी परततो. एक तपासणी होळीच्या आठवड्यात आणि दुसरी दिवाळीआधी, अशा तारखा डिस्चार्ज कार्डावरच लिहून देता येतात.