आजीचा रेडिओग्राम आणि १५ रुपयांचा कपॅसिटर

दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्या जणी होस्टेलवर फराळाचे डबे घेऊन आल्या, मी आजीच्या रेडिओग्राममधला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.) आजोबा गेल्यापासून तो बंदच होता. आजी म्हणाली, "एवढी फी भरतोय तुझा बाप, ह्यांचं एवढं एक यंत्र तरी चालू करून दाखव." आता ही माझ्यासाठी व्हायवापेक्षा मोठी परीक्षा!

आणि पहिल्याच रात्री मी नापास झाले. पिन थेट सॉकेटमध्ये घातली. थोडा वेळ हम्म आवाज, मग फट्! आणि खोलीभर कुजक्या माशासारखा वास. नशीब, फ्यूज उडाला आणि ट्रान्सफॉर्मर वाचला. व्हॉल्व्ह शोधले तर अजून मिळतात, जळलेला ट्रान्सफॉर्मर मात्र बहुतेक वेळा रिवाइंडच करून घ्यावा लागतो.

असं का झालं? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तोच इन्सुलेटर. वर्षानुवर्षं व्होल्टेज मिळालं नाही की हा थर बिघडतो, आतलं द्रावणही सुकतं. त्यावर एकदम ३०० व्होल्ट आले की करंट गळतो, कपॅसिटर तापतो आणि फुटतो.

लॅबमधल्या काकांनी मग सिरीज बोर्ड बनवून दिला. फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब (एलईडी चालत नाही). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्खच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. काकांचा दुसरा नियम म्हणजे पिन काढली तरी चॅसिसला हात लावायचा नाही. कपॅसिटरमध्ये चार्ज तसाच बसलेला असतो. आधी १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून तो उतरवायचा आणि मीटरने शून्य बघायचं, तेही एक हात पाठीमागे ठेवून.

नवे कपॅसिटर पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळाले. मला वाटलं, मोठा घातला तर आवाज अजून स्वच्छ येईल. चूक! माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ईझेड८० हा रेक्टिफायर व्हॉल्व्ह आहे. त्याला लागून असलेला पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही, नाहीतर चार्जिंगच्या झटक्याने व्हॉल्व्हच जातो.

एवढं करून आवाज आला, पण फाटका. वर ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट अंधारात लालबुंद दिसायला लागली. मी घाबरून बंद केलं. या व्हॉल्व्हला २५० व्होल्टवर ४८ मिलिअँपिअर देतात, म्हणजे बरोबर १२ वॅट, आणि प्लेटची मर्यादाही १२ वॅटच! एवढ्यावर राहायला ग्रिड कॅथोडपेक्षा साधारण ७ व्होल्ट निगेटिव्ह लागतो. म्हणजे चॅसिसच्या मानाने ग्रिड शून्यावर हवा. मी दोन नंबरच्या पिनवर मीटर लावला तर अधिक ४.७ व्होल्ट!

गुन्हेगार म्हणजे आधीच्या व्हॉल्व्हकडून ग्रिडकडे येणारा बोटाच्या पेराएवढा कपलिंग कपॅसिटर. त्याने सिग्नल सोडायचा आणि डीसी अडवायचा. ग्रिडचा रेझिस्टर ४७० किलोओहम, म्हणजे फक्त १० मायक्रोअँपिअर गळले की झाले ४.७ व्होल्ट. फर्स्ट इयरचा ओहमचा नियम, जो मी फक्त मार्कांसाठी पाठ केला होता! खात्रीसाठी कपॅसिटरचं एक टोक सुटं केलं, व्होल्टेज शून्यावर आलं. (आलं नसतं तर व्हॉल्व्हच खराब समजायचा.) ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा नवा कपॅसिटर १५ रुपयांना मिळाला. प्लेट पुन्हा काळी ती काळी.

मागच्या रविवारी घरी नेऊन रेकॉर्ड लावली. आजीने पूर्ण बाजू ऐकली, मग म्हणाली, "छान आहे गं, पण हा आपला वाटत नाही. ह्यांचा गाण्याआधी हम्म करायचा." मी तिला समजावलं की तो हम्म म्हणजे थकलेल्या कपॅसिटरमधून निसटलेला १०० हर्ट्झचा आवाज होता, बिघाडच होता. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जुना टाकून दिलास का?"

फुटलेला टाकलाय. त्याच्या जोडीचा दुसरा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.