बर्फातील बोट, बर्फातील हृदय

निवृत्तीनंतर तिकोणा पेठेत, वितंडगडाच्या पायथ्याशी राहावयास आल्यापासून वर्तमानपत्र वाचण्यास भरपूर अवकाश मिळतो. बँकेत असताना व्याजदर आणि निधनवार्ता एवढेच पाहत असे. आता कोपऱ्यातील लहान बातम्याही सुटत नाहीत. त्यांतील अन्नाविषयीच्या चमत्कारिक बातम्या आपल्या घरांत, जेथे पाणीसुद्धा गाळून घेतात, विशेष किळसेने आणि तितक्याच उत्सुकतेने वाचल्या जातात.

जून २०२४ मध्ये मालाडच्या एका डॉक्टरांना ऑनलाइन मागविलेल्या आइस्क्रीमच्या कोनात मानवी बोटाचा तुकडा सापडला. तपास आपल्याच जिल्ह्यातील इंदापूरच्या कारखान्यापर्यंत पोहोचला आणि डीएनए तपासणीअंती ते बोट तेथील एका कामगाराचे असल्याचे निष्पन्न झाले. काम करताना झालेल्या अपघातात ते तुटले होते. आमच्या नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर ही बातमी दिवसभर फिरली. कित्येकांनी आइस्क्रीमचा आजन्म त्याग जाहीर केला. बोट आइस्क्रीममध्ये कसे आले, हे सर्वांनी विचारले. ज्याचे बोट गेले त्याच्या हाताचे पुढे काय झाले, हे कोणी विचारले नाही.

त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका मोटार कंपनीत समोशांमध्ये निरोध, गुटखा व खडे निघाले. आधीच्या कंत्राटदाराचे काम समोशात जखमेची पट्टी सापडल्यामुळे गेले होते. नव्या पुरवठादाराची बदनामी व्हावी म्हणून हा उद्योग घडविला गेला, असा पोलिसांचा आरोप होता. व्यापारात चढाओढ आपण सर्वांनीच पाहिली आहे. परंतु दुसऱ्याच्या घासात खडे टाकून आपले गिऱ्हाईक परत मिळवायचे, हा हिशेब कोणत्या खतावणीत बसतो?

बोटाच्या त्या बातमीने मला बर्फातीलच दुसरी एक बातमी आठवली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातील एका मेंदूमृत महिलेचे हृदय, तिच्या कुटुंबीयांनी संमती दिल्यावर, मुलुंडच्या रुग्णालयात नेऊन एका तरुणाच्या छातीत बसविण्यात आले. रुग्णवाहिका, विमान, पुन्हा रुग्णवाहिका. दोन्ही शहरांतील पोलिसांनी रस्ते मोकळे ठेवले आणि पावणेदोन तासांच्या आत ती पेटी पोहोचली. काढलेले हृदय चार-सहा तासांपलीकडे टिकत नाही. केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी देशातील पहिले हृदयरोपण केले होते. तो रुग्ण काही तासच जगला. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईला हे यश लाभले. अशा प्रसंगी कौतुक शल्यविशारदांचे आणि चालकांचे होते, ते योग्यच आहे. मला मात्र त्याआधीची घटका अधिक कठीण वाटते. छाती हलत आहे, अंग उबदार आहे, आणि अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या पतीला किंवा मुलाला ‘होय’ म्हणावयाचे आहे.

आमच्या सौभाग्यवतींची शंका नेमकी हीच आहे. ‘श्वास चालू असताना जीव गेला हे कोण सांगणार? त्यात हिंसा घडली तर?’ शंका धर्मशील मनाची आहे, ती हसण्यावारी नेता येत नाही. मी कायदा समजावून सांगितला. १९९४ च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणित करावा लागतो, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात आणि त्या डॉक्टरांना रोपणात भाग घेता येत नाही. श्वास चालतो तो यंत्राचा. अवयवांची विक्री केल्यास पाच ते दहा वर्षे कारावास आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. ज्याला भाव लावणेच गुन्हा, असा हा एकच ‘माल’ मी आयुष्यात पाहिला.

मग मी मेघरथ राजाची कथा काढली. भगवान शांतिनाथांच्या त्या पूर्वभवात राजाने पारव्यासाठी स्वतःचे मांस तराजूत घातले. त्या म्हणाल्या, ‘अहो, राजाने स्वतः दिले होते. त्याच्या मुलाने त्याच्या वतीने दिले नव्हते.’

या उत्तराने विषयाची गाठ सुटली. बँकेत नामनिर्देशन न करताच खातेदार जातो आणि वारस वर्षानुवर्षे खेटे घालतात, हे मी तीन दशके पाहिले. येथे तर वारसांना काही तासच मिळतात. प्रतिज्ञापत्र भरले तरी रुग्णालयात प्रत्यक्षात जवळच्या नातलगांनाच विचारतात. म्हणून आपली इच्छा आपण धडधाकट असतानाच, जेवणाच्या ताटावरच, मुलांना सांगितलेली बरी.

नेत्रदानात तर ही अडचणही नाही. घरी नैसर्गिक मृत्यू आला तरी ते होते. पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे आणि नेत्रपेढीला तत्काळ फोन करावा. सहा तासांची मर्यादा असते. आमच्या गावाहून पुणे गाठण्यातच दीड-दोन तास जातात, म्हणून तो क्रमांक आम्ही दूरध्वनीशेजारी मोठ्या अक्षरांत लावला आहे.

मी माझी इच्छा लिहून दोन्ही मुलांच्या सह्या घेतल्या. सौभाग्यवतींनी डोळ्यांना संमती दिली. हृदयाचे पर्युषणानंतर सांगते, म्हणाल्या आहेत.