घरातली रेल्वे : भुसावळ नको, धुळे घ्या

रेल्वेच्या बाबतीत खान्देश भाग्यवान आहे. मुंबईहून आलेला मार्ग भुसावळला फुटतो. एक फाटा खंडव्याकडे जातो, दुसरा नागपूरकडे. सुरतेहून निघालेला तापी खोऱ्यातला मार्ग जळगावला येऊन मिळतो. चाळीसगावाहून एक शाखा धुळ्याला जाते आणि तिथेच थांबते. भुसावळात तर आजोबा, वडील आणि मुलगा असे तिघेही रेल्वेत राहिलेली घरं आहेत. इतकी रेल्वे अंगवळणी पडलेल्या या भागात घरी मॉडेल रेल्वेचा लेआउट उभारायचा विषय निघाला, की मात्र ऐकीव गोष्टीच पुढे येतात. त्यातल्या बहुतेक चुकीच्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या. त्या ऐकून चांगली, हाताला कसब असलेली माणसं या छंदापासून लांब राहतात, म्हणून त्या एकेक करून तपासायला हव्यात.

"हा लहान मुलांचा खेळ आहे"

यावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, रस्ते, दिवसरात्रीचा प्रकाश आणि वेळापत्रकाप्रमाणे सुटणाऱ्या गाड्या तिथे एकाच लेआउटवर दिसतात. सुतारकाम, वायरिंग, डाग देणं, रंगकाम आणि भूगोल या सगळ्यांचा एकत्र कस लागतो, असे छंद थोडेच आहेत. मुलांना तो आवडतो, ही त्याची जमेची बाजू.

"त्यासाठी एक अख्खी खोली लागते"

भुसावळ करायला निघालात, तर एक खोलीही पुरणार नाही. हिशेब करून पाहू. एचओ हे जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण, म्हणजे १:८७. एलएचबी डबा बफरसह साधारण २४ मीटरचा. एचओत तो साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो. २२ डब्यांची गाडी आणि पुढे इंजिन म्हणजे सव्वासहा मीटर, वीस फुटांच्याही वर. ही फक्त गाडीची लांबी झाली. ती उभी राहायला फलाट हवा, वळायला वाव हवा आणि मागे यार्डही हवं. १:१६० च्या एन प्रमाणात तीच गाडी जेमतेम साडेतीन मीटरची होते. तरी अकरा फूट झालेच.

चूक खोलीच्या आकारात नाही, स्थानकाच्या निवडीत आहे. आपण ज्या स्थानकाचा अभिमान बाळगतो तेच डोळ्यांपुढे येतं, आणि नेमकं तेच घरात मावत नाही.

धुळे घेऊन पाहा. चाळीसगाव–धुळे शाखा १९०० ची, साधारण ५६ किलोमीटरची. धुळे हे तिचं टोक. गाडी येते, थांबते आणि आल्या वाटेने परत जाते. घरातल्या लेआउटसाठी याहून सोयीचं स्थानक सापडणं अवघड. भिंतीला लागून दहा फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी ठोकली, की काम होतं. फळीच्या दोन तृतीयांश भागावर धुळे स्थानक मांडायचं. उरलेला भाग पुठ्ठ्याच्या किंवा प्लायच्या पडद्यामागे लपवायचा आणि त्याला चाळीसगाव म्हणायचं. तिथे दोन-तीन रूळ शेजारीशेजारी असले, की त्यांवर वेगवेगळ्या गाड्या तयार उभ्या ठेवता येतात. पडद्याआडून गाडी निघते आणि धुळ्याला पोचते. बघणाऱ्याला मधली शिरूड, बोरविहीर ही स्थानकं मनातच पार करावी लागतात.

यातली खरी मजा शंटिंगची. इंजिन लावून आलेली तीन डब्यांची गाडी फलाटाला लागली, की इंजिन पुढच्या टोकाला अडकतं. ते सोडवून, सांधा बदलून, शेजारच्या रुळावरून मागे आणून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं. त्यासाठी फलाटापुढे इंजिनाच्या लांबीहून थोडा जास्त रूळ आणि दोन सांधे लागतात. हे नको असेल तर मेमू ठेवा. तिच्या दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते, त्यामुळे इंजिन फिरवायचा प्रश्नच उरत नाही. आज प्रत्यक्ष धुळ्याच्या मार्गावर मेमूही धावते. माझं मत विचाराल तर इंजिन आणि डबे घ्या. गोल फिरणारी गाडी चार फेऱ्यांत कंटाळा आणते, शंटिंग आणत नाही. गाडी गोल गोल फिरली तरच तो लेआउट, ही समजूतही इथेच सोडून द्यायला हरकत नाही.

वेगाचंही तसंच. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एचओत सेकंदाला १९ सेंटिमीटरच सरकायला हवी. आपण हौसेने तिला याच्या तिप्पट वेगाने पळवतो आणि मग ती खेळण्यासारखी दिसते म्हणून हिरमुसतो.

"विकत मिळतो तो ट्रॅक म्हणजे आपलाच रूळ, फक्त लहान"

हा गैरसमज सगळ्यात खोल रुजलेला आहे आणि तो दूर झाला, की खान्देशातल्या माणसासाठी एक वेगळाच रस्ता उघडतो.

एचओ ट्रॅकच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. त्याला ८७ ने गुणलं, की १४३५ मिलिमीटर येतात. हा युरोप-अमेरिकेचा गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ प्रमाणात तो १९.२६ मिलिमीटर हवा. म्हणजे एचओ ट्रॅकवर आपलं इंजिन ठेवलं, तर त्याच्या खालचा रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद असतो. बाजूने पाहताना ते कळत नाही. समोरून पाहिलं, तर भारतीय रेल्वेचं ते ऐसपैस बसणं हरवलेलं दिसतं.

यावर इलाज काय? चाकं आणि रूळ स्वतः बनवणारे हौशी लोक आहेत, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये. तडजोड करायला लाजण्याचंही कारण नाही. ब्रिटनमध्ये सर्वात लोकप्रिय असलेलं डबल-ओ प्रमाण १:७६ चं आहे आणि तेही याच १६.५ मिलिमीटरच्या ट्रॅकवर चालतं. म्हणजे त्यांचा स्वतःचा गेजही घराघरांत अरुंद झालेला आहे आणि अनेक दशकं ते आनंदाने गाड्या चालवत आहेत.

आता खान्देशाकडे या. पाचोरा–जामनेर, म्हणजे आपली पीजे. ७६२ मिलिमीटरचा, अडीच फुटी नॅरोगेज. ७६२ ला ८७ ने भागलं, की पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि एन प्रमाणाचा ट्रॅक, जो जगभर तयार मिळतो, तो ९ मिलिमीटरचा असतो. फरक पाव मिलिमीटरचा. डोळ्यांना तो दिसणं शक्य नाही. ब्रॉडगेजचं नेमकं मॉडेल करण्यासाठी ज्या खटाटोपात पडावं लागतं, तो पीजेसाठी करावाच लागत नाही. एन प्रमाणाच्या स्वस्तातल्या छोट्या इंजिनाची चाकं-मोटर असलेली चासी घ्यायची आणि वरचं अंग १:८७ प्रमाणात आपण बनवायचं. परदेशात या पद्धतीला एचओ-ई म्हणतात आणि तिचे शौकीन खूप आहेत. नॅरोगेजचे डबे आखूड आणि गाडी चार-पाच डब्यांची; त्यामुळे वीस-पंचवीस सेंटिमीटर त्रिज्येचं वळणही तिला शोभतं. भारतीय नॅरोगेजचं तयार मॉडेल बाजारात सहज मिळत नाही हे खरं, पण म्हणूनच तुमच्या घरातली पीजे तुमचीच असेल.

सगळी पीजे करायचा मोह मात्र आवरा. ५६ किलोमीटर भागिले ८७ केलं, तरी ६४० मीटर उरतात. पहूर किंवा शेंदुर्णीसारखं एकच स्थानक, त्याचा एक फलाट आणि आजूबाजूचं शिवार पुरेसं आहे.

"इथे काहीच मिळत नाही, सगळं बाहेरून आणावं लागतं"

तीन गोष्टी बाहेरून आणाव्या लागतात : ट्रॅक आणि सांधे, इंजिन, आणि चाकं. बाकी सगळं जळगाव-धुळ्याच्या बाजारात आहे. १२ मिलिमीटरचा प्लाय, चौकटीसाठी लाकडाच्या पट्ट्या, बोर्ड रंगवणाऱ्यांकडे मिळणारी पीव्हीसी फोम शीट, पॅकिंगमधला थर्माकोल, पीओपी, फेव्हिकॉल आणि पोस्टर रंग. इमारती आणि डब्यांचं अंग फोम शीटमधून कटरने छान निघतं.

शिवारासाठी तर आपल्यासारखं नशीब कुणाचं नाही. रावेर-सावद्याची केळी करायची असेल, तर अडीच मीटरचं झाड एचओत २९ मिलिमीटरचं होतं. हिरव्या कागदाच्या पट्टीच्या मध्यावर बारीक तार चिकटवली, की पान झालं. पाच फुटांवर लावलेली बाग १७ मिलिमीटरवर येते. म्हणजे फूटभर लांब आणि फूटभर रुंद तुकड्यात तीनशे झाडं मावतात. ज्याला हा आकडा जड वाटेल त्याने कपाशी लावावी.

मातीबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे. शेतातली काळी माती थेट वापरली तर चालेल, असं सगळ्यांनाच वाटतं. पण पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये ती वाळली, की शेतात भेगाळते तशीच लेआउटवरही भेगाळते. तिचा जाड थर देऊ नका. आधी खाली तपकिरी-काळा रंग लावा आणि वर चाळलेली माती फक्त भुरभुरा. दुसरं म्हणजे आपला दगड बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. तापी-गिरणेच्या वाळूतही काळे कण चुंबकाला चिकटतात. रुळाखाली घालायची खडी किंवा वाळू घरची असेल, तर आधी तिच्यावरून चुंबक फिरवून ते कण काढून घ्या. इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबकच असतं. ते हे कण ओढून घेतं आणि मोटर बिघडते.

"रुळात करंट असतो, हात लावला की शॉक बसेल"

साध्या पद्धतीत रुळात जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसी असतात. त्याने शॉक बसत नाही. धोका आहे तो भिंतीतल्या २३० व्होल्टशी जोडलेल्या भागात. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारे जाळीदार पत्र्याचे पॉवर सप्लाय स्वस्त असतात, पण त्यांच्या एका टोकाला २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. घरात मुलं असताना ते वापरूच नयेत. पूर्ण बंद प्लॅस्टिकचा, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. मोबाइलचा चार्जर ५ व्होल्टचा, तो कमी पडतो. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा, तो मोटर जाळेल. अडॅप्टरपुढे डीसी मोटरचा स्पीड कंट्रोलर, दिशा बदलायला सहा टोकांचा स्विच आणि मध्ये एक फ्यूज. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात एवढं जोडून मिळतं. फ्यूज विसरू नका. रुळावर पडलेल्या खिळ्याने शॉर्ट झालं, तर शॉक बसणार नाही, पण बारीक वायर तापून प्लॅस्टिक वितळू शकतं.

गाडी लांबच्या टोकाला मंदावते तेव्हा लोक इंजिनाला दोष देतात. बहुधा दोष रुळांच्या जोडपट्ट्यांचा असतो. फळीखालून दोन जाड वायरी फिरवा आणि दर मीटरला बारीक वायरने रुळाला डाग द्या.

डीसीसी, म्हणजे प्रत्येक इंजिनात छोटी चिप बसवून एकाच रुळावर अनेक इंजिनं स्वतंत्र चालवण्याची पद्धत, नसेल तर लेआउट अपुरा, असंही ऐकू येतं. एक इंजिन फिरवणाऱ्या धुळे स्थानकाला तिची गरज नाही.

"जळगावच्या उन्हात हे टिकायचं नाही"

हे अर्धं खरं आहे. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये लेआउट ठेवू नका. मे महिन्यात तिथे प्लॅस्टिकचे डबे वाकतात. घरातल्या खोलीत मात्र उन्हाचं भय वाटतं तितकं नाही. रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात. थंडी आणि उन्हाळा यांत खोलीचं तापमान ३० अंशांनी बदललं, तर तीन मीटर रूळ दीड मिलिमीटरने वाढतो. डिसेंबरात रूळ घालत असाल, तर दर जोडावर कागदाच्या जाडीची फट सोडा. मे महिन्यात घालत असाल, तर जवळपास भिडवून घाला. फट न सोडता थंडीत घातलेला रूळ एप्रिलमध्ये बाजूला वाकून उठतो.

उन्हापेक्षा धूळ जास्त त्रास देते. रूळ काळे पडले, की चाकाला वीज मिळत नाही आणि गाडी धक्के देत चालते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती फडक्याने रूळ पुसा. पॉलिश पेपर वापरू नका. त्याच्या ओरखड्यांत पुढची धूळ आणखी पटकन बसते. पावसाळ्यात प्लाय फुगू नये म्हणून दोन्ही बाजू आणि कडा आधीच ऑइल पेंटने बंद करा. उघड्या कडा सगळ्यात आधी पाणी ओढतात.

शेवटी पुन्हा पीजेकडे येऊ. ती १९१८-१९ मध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२० च्या टाळेबंदीत थांबली. मार्ग ब्रॉडगेज करण्याचं ठरलं आहे. ती बनवायची असेल, तर माहिती आत्ताच जमवायला हवी. पाचोरा, शेंदुर्णी, पहूर, जामनेर इथल्या घरांत लग्नकार्याच्या, सहलीच्या फोटोंत मागे ही गाडी उभी असते. असे फोटो मागून घ्या, मोबाइलवर सपाट धरून टिपा. नकाशे नसले तरी मापं काढता येतात. गाडी समोरून दिसत असेल, तर फोटोतलं दोन रुळांमधलं अंतर मोजा. प्रत्यक्षात ते ७६२ मिलिमीटर होतं हे पक्कं माहीत आहे. त्या एका मापावरून त्याच रेषेतली डब्याची रुंदी, खिडकीची चौकट आणि बफरची उंची त्रैराशिकाने निघते. डबा बाजूने टिपलेला असेल, तर दारात उभ्या माणसाची उंची साडेपाच फूट धरा. अंदाज बऱ्यापैकी जवळ येतो.