मर लागण्याआधी मित्रबुरशी

भातकापणी उरकल्यावर ठाणे जिल्ह्यातील वाशिंद, शहापूर आणि मुरबाडच्या पट्ट्यात जिथे भातसा, काळू या नद्यांचे किंवा विहिरीचे पाणी मिळते, तिथे भेंडी, काकडी, मिरचीबरोबर टोमॅटोही घेतला जातो आणि त्याच्या मुळांना बुरशीचा धोका रोपवाटिकेपासूनच असतो. वाफ्यात पिथियम व रायझोक्टोनिया या रोगकारकांमुळे रोप जमिनीलगत सडून आडवे पडते, यालाच रोपे कोलमडणे म्हणतात. पुढे शेतात फ्युजेरियम ही बुरशी मुळांतून शिरून खोडातील जलवाहिन्या तुंबवते, तेव्हा खालची पाने, पुष्कळदा एकाच अंगाची, पिवळी पडतात आणि खोड उभे चिरले असता सालीखाली तपकिरी रेघ दिसते. हा मर रोग होय. या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू पीक नसतानाही अनेक वर्षे मातीत तग धरतात, त्यामुळे पानांवरील फवारणीने मूळ दुखणे हटत नाही.

अशा रोगकारकांशी मातीतच झुंजणारी मित्रबुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. रिचर्ड वाइंडलिंग या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये तिचे तंतू रायझोक्टोनियाच्या तंतूंना वेढून त्यांचा नाश करतात, हे दाखवून दिले. ही बुरशी कायटिनेज व ग्लुकनेज ही विकरे, म्हणजे जैविक विघटन घडवणारी प्रथिने, सोडून शत्रूची पेशीभित्तिका विरघळवते, मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करते. ट्रायकोडर्माप्रमाणेच उपयुक्त असलेला स्युडोमोनास फ्लुरोसेन्स हा जिवाणू मातीतील लोह बांधून ठेवणारी द्रव्ये स्रवतो आणि रोगकारकाला लोहाची टंचाई भासवतो.

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याची, जुनी रीत आहे. त्या उष्णतेने तणांचे बी आणि वरच्या थरातील पुष्कळसे रोगजंतू मरतात, परंतु उपयुक्त जीवही त्यातून सुटत नाहीत. अशा मोकळ्या झालेल्या मातीत जो सूक्ष्मजीव आधी पोहोचतो, तोच फैलावतो. पावसाळाभर पाणी साचलेल्या खाचरातही हवेची गरज असलेल्या ट्रायकोडर्माला जोम धरता येत नाही, म्हणून कापणीनंतर जमीन वाफशावर आली की या बुरशीचा पुरवठा करणे युक्त ठरते.

बीजप्रक्रियेसाठी एक किलो बियाण्यास सुमारे ४ ग्रॅम ट्रायकोडर्मा भुकटी चोळतात, तर हेक्टरी २.५ किलो भुकटी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, लागवडीपूर्वी मातीत देतात. हे जिवंत उत्पादन असल्याने ते उन्हात ठेवू नये, मुदत पाहूनच घ्यावे आणि कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात मिसळू नये.

या उपायाला मर्यादाही आहेत. हिरवेगार झाड एकाएकी कोमेजले आणि त्याच्या खोडाचा ताजा तुकडा पाण्याच्या ग्लासात धरल्यावर दुधाळ धागे उतरले, तर ती मर बुरशीची नसून जिवाणूची असते. विषाणूजन्य पर्णगुच्छावरही ट्रायकोडर्मा हे औषध नव्हे. जलवाहिन्या तुंबलेले झाड मित्रबुरशी वाचवू शकत नाही. तिचा उपयोग रोग येण्याआधी, बियाण्यापासून आणि शेणखतासह केला तरच होतो. पीक पिवळे पडल्यावर आणलेल्या पुड्यावरचा खर्च वाया जातो.